वीस म्हणजे वीस काय?



दुकानात जाऊन तुम्ही नुसते "दोरी वीस द्या" असे म्हणालात, तर दुकानदार लगेच विचारील, "वीस काय? फूट की मीटर?" भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एकक लिहिले नाही म्हणून गुण कापला गेला की पुष्कळांना तो अन्याय वाटतो. पण दुकानदार जे विचारतो, तेच परीक्षकही विचारत असतो. एककावाचून संख्येला अर्थ नसतो. एक साधे एकक लिहायचे राहिल्यामुळे एका गावाचे नाव संगणकात कसे मावेनासे होते, आणि असा बिघाड शोधायचा कसा, हे या लेखात आपण पाहू.

ते गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा. समजा, तेथील एक विद्यार्थिनी दहावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरीत आहे. गावाचे नाव तिने मराठीत लिहिले, बटण दाबले, आणि पडद्यावर उत्तर आले, "नोंद होऊ शकली नाही." तिने पुन्हा भरले, पुन्हा तेच. तिच्या खामगावच्या मैत्रिणीचा अर्ज मात्र पहिल्याच फेरीत गेला. मुदत संपायला एकच दिवस उरला आहे. मुलीला वाटते आपलेच काही चुकले, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, "सर्व्हर डाउन असेल." सर्व्हर तर चालू आहे, नाहीतर मैत्रिणीचा अर्ज गेला नसता. मग बिघाड कोठे आहे?

खिडकी आणि दप्तरखाना

अशा व्यवस्थेत दोन भाग असतात. आपण ज्याच्याशी बोलतो ते ॲप्लिकेशन, आणि माहिती कायमची जपून ठेवतो तो डेटाबेस. जुन्या कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. खिडकीवरचा कारकून अर्ज तपासून घेतो आणि आतल्या दप्तरखान्यात पाठवितो. दप्तरखान्यात आखीव वह्या आहेत आणि प्रत्येक रकान्याची रुंदी आधीच ठरलेली आहे. गावाच्या रकान्याची रुंदी "२०" आहे, असे दोघांनाही सांगितलेले आहे.

कारकून अक्षरचिन्हे मोजतो. दप्तरखाना बाइट मोजतो. बाइट म्हणजे आठ बिटांचा गट. संगणकाच्या स्मृतीत जागा मोजण्याचे हे नेहमीचे एकक. दोघांच्याही हातातील कागदावर २० लिहिले आहे, पण ते २० एकच नव्हेत. कारकून नाव मोजून म्हणतो "मावते"; दप्तरखाना तेच नाव मोजतो आणि परत पाठवितो.

ही केवळ कल्पना नाही. ओरॅकल या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये मजकुराच्या नेहमीच्या रकान्याला २० ही रुंदी दिली आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ती बाइटांत धरली जाते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तोच आकडा चिन्हांत धरला जातो. म्हणून एकीकडून दुसरीकडे आज्ञावली नेताना आकडा तसाच राहतो आणि एकक मात्र बदलते.

एका नावाच्या तीन लांब्या

आता कागद-पेन्सिल घ्या आणि "पिंपळगाव राजा" हे नाव मोजा. डोळ्यांना दिसणारी अक्षरे पिं, प, ळ, गा, व, रा, जा अशी सात आहेत, आणि मधली मोकळी जागा धरून आठ.

संगणक असे मोजीत नाही. जगातील बहुतेक लिप्यांसाठी आज वापरात असलेल्या युनिकोड पद्धतीत व्यंजन, मात्रा, वेलांटी, अनुस्वार या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. 'पिं' मध्ये प, ह्रस्व वेलांटी आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे आली. 'गा', 'रा', 'जा' यांत प्रत्येकी दोन. बेरीज केली तर मोकळ्या जागेसह १३ चिन्हे होतात. मोकळी जागाही संगणकाच्या दृष्टीने एक चिन्हच आहे, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी लांबी बाइटांची. एका बाइटात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. पण देवनागरीला युनिकोडमध्ये २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले आहेत. ते बाइटांत बसविण्याची आज सर्वांत प्रचलित रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ मध्ये ती रचली. तिचा नियम असा की १२७ पर्यंतच्या क्रमांकाला एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, आणि ६५५३५ पर्यंत तीन बाइट. आपली देवनागरी २०४७ ची वेस थोडक्यात चुकली, म्हणून तिच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

हे गणित तुम्हांलाही करता येईल. 'प' चा क्रमांक २३४६ आहे. त्याला ६४ ने भागा. भागाकार ३६ आणि बाकी ४२ येते. पहिला बाइट देवनागरीसाठी नेहमीच २२४ असतो. दुसरा १२८ + ३६ = १६४, आणि तिसरा १२८ + ४२ = १७०. म्हणजे 'प' हे अक्षर संगणकात २२४, १६४, १७० असे साठविले जाते.

पिंपळगाव राजा या नावात देवनागरीची १२ चिन्हे आहेत. त्यांचे ३६ बाइट, आणि मोकळ्या जागेचा १, असे एकूण ३७. हेच नाव रोमन लिपीत लिहिले तर १५ चिन्हे आणि १५ बाइट होतात. येथेच एक मोठी फसगत लपलेली आहे. ज्यांनी ॲप्लिकेशन तपासले त्यांनी रोमन लिपीतील नावे घालून तपासले असेल, तर चिन्हे आणि बाइट यांत फरकच पडत नाही आणि एककाची चूक उघडी पडत नाही.

आधी चालत होते, मग आता का अडते?

कचेरीतील जुने लोक म्हणतील, "इतकी वर्षे मराठी नावे याच रकान्यात मावत होती." ते खरेही असू शकेल. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाखाली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतपद्धती प्रमाण ठरविली. या कामामागे आयआयटी कानपूर येथील संशोधन आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था यांचा मोठा वाटा होता. इस्कीमध्ये रोमन अक्षरांना १२७ पर्यंतचे क्रमांक तसेच ठेवून, त्यांवरच्या क्रमांकांत भारतीय लिपी बसविली होती. त्यामुळे प्रत्येक मराठी चिन्हाला एकच बाइट लागे. पिंपळगाव राजा १३ बाइटांत बसे आणि २० चा रकाना ऐसपैस वाटे.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरच आधारलेली आहे. पुढे कारभार युनिकोडवर आला आणि त्यामुळे मराठी मजकूर जगभर सारखाच वाचता येऊ लागला, हा फायदा फार मोठा आहे. पण जुना रकाना तसाच ठेवून आत यूटीएफ-८ मजकूर भरला, तर तेच नाव १३ वरून ३७ बाइटांवर जाते. वह्यांची आखणी जुनी आणि अक्षर तिप्पट मोठे, अशी ही स्थिती.

कोणते गेले, कोणते अडले?

बिघाड शोधताना पहिला नियम असा की अडलेली उदाहरणे जितकी महत्त्वाची, तितकीच सुटलेलीही. समजा, आपण त्याच अर्जात बुलढाणा जिल्ह्यातील काही नावे घालून पाहिली आणि असा तक्ता मिळाला:

शेगाव: ३ अक्षरे, ५ चिन्हे, १५ बाइट. नोंद झाली.
मोताळा: ३ अक्षरे, ६ चिन्हे, १८ बाइट. नोंद झाली.
खामगाव: ४ अक्षरे, ६ चिन्हे, १८ बाइट. नोंद झाली.
नांदुरा: ३ अक्षरे, ७ चिन्हे, २१ बाइट. अडले.
बुलढाणा: ४ अक्षरे, ७ चिन्हे, २१ बाइट. अडले.
देऊळगाव राजा: ७ अक्षरे व मोकळी जागा, १२ चिन्हे, ३४ बाइट. अडले.

नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर हा सारा लहरी कारभार वाटतो. खामगाव चार अक्षरी असून गेले आणि नांदुरा तीन अक्षरी असून अडले! पण बाइटांच्या स्तंभावरून बोट फिरवा. १८ पर्यंतची सर्व नावे गेली, २१ पासूनची सर्व अडली. म्हणजे मर्यादा १८ आणि २१ यांच्या मध्ये कोठेतरी आहे. रकान्यावर तर २० लिहिलेले आहे. आता संशयाला जागा उरली नाही: हे २० बाइट आहेत.

डेटाबेस स्वतःही बहुधा हे सांगत असतो. ओरॅकलमध्ये अशा वेळी ओआरए-१२८९९ या क्रमांकाचा संदेश येतो. त्यात रकान्याचे नाव, प्रत्यक्ष लांबी आणि कमाल लांबी हे सर्व असते. आपल्या उदाहरणात प्रत्यक्ष ३७ आणि कमाल २०. पण ॲप्लिकेशनने तो संदेश गिळून टाकून नुसते "नोंद होऊ शकली नाही" एवढेच दाखविले, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीला काय कळणार? म्हणून पडद्यावरच्या वाक्यावर न थांबता मूळ संदेश वाचावा. ॲप्लिकेशनच्या रोजकीर्दीत, म्हणजे लॉगमध्ये, तो सापडतो.

लक्षणांवरून निदान

वैद्य जसा जीभ आणि नाडी पाहून रोग ओळखतो, तसे बिघडलेल्या मजकुराच्या रूपावरून पुष्कळ ओळखता येते.

पहिले लक्षण, शेपूट तुटणे. काही व्यवस्था मोठा मजकूर नाकारीत नाहीत. मावेल तेवढा ठेवतात आणि उरलेला गुपचूप टाकून देतात. मायएसक्यूएलमध्ये २०१५ च्या ५.७ आवृत्तीपूर्वी वेगळी सूचना दिली नसेल तर असेच होत असे. बाइटांनुसार कापताना कात्री एखाद्या अक्षराच्या मधोमध चालली, तर शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. आपले नाव २० बाइटांवर कापले तर 'पिंपळग' पूर्ण राहते आणि पुढच्या कान्याचे तीनपैकी दोनच बाइट उरतात. हे निदान कोणाच्या तरी नजरेला खटकेल. पण हेच नाव २५ बाइटांवर कापले तर? 'पिंपळगाव' चे २४ आणि मोकळ्या जागेचा एक. अगदी स्वच्छ शब्द उरतो, आणि कोणालाही शंका येत नाही. मग पिंपळगाव राजा, नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत, जळगाव जिल्ह्यातील पिंपळगाव हरेश्वर आणि आपल्याच जिल्ह्यातील पिंपळगाव काळे ही सारी गावे त्या वहीत एक होऊन जातात. अशी नीटनेटकी दिसणारी चूक सर्वांत घातक.

दुसरे लक्षण, अगम्य चिन्हांची माळ. लिहिणाऱ्याने यूटीएफ-८ मध्ये लिहिले आणि वाचणाऱ्याने ते पश्चिम युरोपीय संकेतपद्धतीने वाचले, म्हणजे असे होते. तेथे २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', १६४ म्हणजे चलनाचे गोल चिन्ह, १७९ म्हणजे वर लिहिलेला छोटा तीन, आणि १९० म्हणजे पाऊण! त्यामुळे आपल्या 'ळ' च्या शेवटी वर्गघनातला तीन लटकतो आणि प्रत्येक कान्याचा पाऊण होतो. ओळखण्याची खूण अशी की तोच रेघवाला 'ए' दर तिसऱ्या जागी येत राहतो. यात दिलासा असा की बाइट जसेच्या तसे आहेत. फक्त वाचणाऱ्याने चुकीचा कोश उघडला आहे. योग्य संकेतपद्धती सांगितली की मजकूर परत मिळतो.

तिसरे लक्षण, नुसती प्रश्नचिन्हे. रकान्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीच नसेल तर डेटाबेस प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. पिंपळगाव राजाची आठ प्रश्नचिन्हे, मोकळी जागा, आणि पुन्हा चार प्रश्नचिन्हे होतात. आतील बाइट पाहा. तेथे खरोखरच ६३ हा प्रश्नचिन्हाचा क्रमांक असेल, तर मूळ नाव नष्ट झाले. ते कागदी अर्जावरूनच पुन्हा भरावे लागेल. म्हणून दुसरे आणि तिसरे लक्षण यांत गल्लत करू नये.

चौथे लक्षण, दिसते तेच पण सापडत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्यापूर्वी लोक 'अ' वर चंद्रकोर देऊन ते लिहीत. दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. संगणकाला एक ठिकाणी एक चिन्ह दिसते, दुसऱ्या ठिकाणी दोन. लेखनभेदाचेही तसेच. बुलढाणा आणि बुलडाणा ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत. जुन्या कागदांत 'पिंपळगांव' असा गा वर अनुस्वार सापडतो, आणि त्या एका टिंबाने नाव ३७ वरून ४० बाइटांवर जाते. शोध घेणाऱ्या संगणकाला ही दोन वेगळी गावे वाटतात.

व्होल्टमीटर कोठे लावायचा?

विजेच्या मंडलात दिवा लागत नसेल तर आपण सगळे भाग एकदम बदलीत नाही. व्होल्टमीटर घेऊन मधल्या एका बिंदूवर दाब मोजतो. तेथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढे. नसेल तर मागे. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करतो.

मजकुराचेही मंडल असते. कळफलक, ब्राउझर, ॲप्लिकेशन, ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांना जोडणारी कडी, डेटाबेसमधील रकाना, आणि तेथून पडद्यापर्यंतचा परतीचा मार्ग. आपला व्होल्टमीटर म्हणजे दोन मापे: चिन्हांची संख्या आणि बाइटांची संख्या. ही दोन्ही मापे देणाऱ्या आज्ञा बहुतेक सर्व डेटाबेसमध्ये असतात. पिंपळगाव राजा पाठवा आणि प्रत्येक थांब्यावर मोजा. १३ आणि ३७ आले तर तेथपर्यंत सर्व ठीक. ३७ चिन्हे दिसली तर मागे कोणीतरी प्रत्येक बाइटाला स्वतंत्र अक्षर समजले. १३ चिन्हे आणि १३ बाइट आले तर प्रश्नचिन्हे झाली असण्याचा संभव मोठा. पडद्यावर काय दिसते यावर विसंबू नये. पडदा हा मंडलातील शेवटचा दिवा आहे, तो मापनयंत्र नव्हे. आणखी एक पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती खऱ्या नोंदींच्या प्रतीवर करून पाहावी.

उपाय

दोष सापडला की उपाय सरळ असतात. रुंदीच्या आकड्याबरोबर एकक लिहावे आणि ते खिडकी व दप्तरखाना या दोघांनाही एकच सांगावे. वाटेतील प्रत्येक थांब्यावर एकच संकेतपद्धती असावी. मजकूर मावत नसेल तर गुपचूप कापू नये. कोणता रकाना, किती लांबी, किती मर्यादा हे स्पष्ट सांगून नाकारावा. आणि तपासणी मराठी नावांनीच करावी. नुसते 'स्त्री' हे एक अक्षर घ्या: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आणि १८ बाइट!

एकाच लिपीवर तपासून समाधान मानणे किती धोक्याचे असते, याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ या नावाने दीर्घकाळ जो प्रकार होता, त्यात प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळत. देवनागरी त्यात बसे. पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना चार बाइट लागतात. ती या रकान्यात शिरूच शकत नाहीत. चार बाइटांचा प्रकार २०१० मध्ये निराळ्या नावाने आला होता, परंतु न सांगता तोच लागू होऊ लागला तो २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून. जुनी मोडी कागदपत्रे संगणकावर आणू पाहणाऱ्याने हे जाणून असावे.

शेवटचा उपाय सर्वांत जुना आहे. गाव ओळखण्यासाठी केवळ नावावर भिस्त ठेवू नये. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपाल खात्याचा गोंधळ उडे. त्यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवी होते! शब्दांवर इतके प्रेम करणाऱ्या माणसाला पत्त्यासाठी अंक हवेत असे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एका पिन कोडात अनेक गावे येतात, म्हणून गावाच्या नोंदीसाठी जनगणनेतील गावाचा स्वतंत्र क्रमांक अधिक बरा. क्रमांकाने गाव ओळखावे आणि नाव पूर्ण लिहावे. कारण ते नाव तेथे राहणाऱ्या माणसांचे आहे, आणि रकान्यात मावावे म्हणून त्यांनी ते तोडावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

करून पाहा

तुमचे नाव, आडनाव आणि गाव घ्या. प्रत्येकाची अक्षरे, चिन्हे आणि यूटीएफ-८ मधील बाइट मोजा. मग वर्गातील सर्वांची मापे फळ्यावर मांडा आणि २० बाइटांच्या रकान्यात कितींची नावे मावतात ते पाहा. दुसरा प्रश्न असा: एसएमएसला १४० बाइटांची जागा असते. रोमन अक्षराला तेथे ७ बिट आणि देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात. तर प्रत्येक लिपीत किती चिन्हांचा संदेश बसेल? उत्तरे अनुक्रमे १६० आणि ७० यायला हवीत. आणि तिसरा: जळगाव जामोद हे नाव १६ बाइटांवर कापले तर काय उरते, आणि ते पत्र कोणत्या गावी जाईल? उत्तर लिहिताना एकक विसरू नका.